प्राथमिक वर्गांतील गृहपाठ आणि घराकडून करावयाच्या अपेक्षा

प्राथमिक शाळेत गृहपाठ मुलाच्या नावाने दिला जातो. प्रत्यक्षात तो घराला दिलेला असतो. पहिली-दुसरीतील मूल घड्याळ पाहून आपणहून अभ्यासाला बसत नाही. वहीत लिहून आणलेल्या सूचनेचा अर्थ लावणे त्याला जमतेच असे नाही आणि उत्तर चुकले तर ते चुकले हे त्याचे त्याला कळत नाही. बसवणे, समजावणे आणि तपासणे ही तिन्ही कामे घरातील मोठ्या माणसाकडे येतात. शाळेने ती कोणाकडून अपेक्षिली आहेत आणि त्या व्यक्तीला ती येतात काय, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

उदाहरणादाखल बेळगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या एखाद्या कुटुंबाचा विचार करावा. घरात दखनी बोलली जाते, बाजारात मराठी. आईचे सातवीपर्यंतचे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले, वडील मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. दुसरीतील मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. डायरीतील सूचना इंग्रजीत असते, कन्नडच्या वहीत कन्नड लिपी असते. मुलगा साडेचारला घरी येतो, मकतबला जाऊन येतो आणि दिवेलागणीनंतर वह्या उघडतो. त्या वेळी आई स्वयंपाकात असते आणि वडील कामावरून यायचे असतात. कोविडच्या काळापासून अनेक शाळा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. घरात एकच फोन असेल तर तो वडिलांच्या खिशात असतो आणि ते येईपर्यंत मूल झोपलेले असते. दुसऱ्या दिवशी वही कोरी दिसते. शिक्षकांचा समज होतो की घरी लक्ष दिले जात नाही. आईला वाटते की आपणच कमी पडलो. भाषांची नावे बदलली तर हेच चित्र हैदराबाद, वडोदरा किंवा इंदूरच्या घरांतही उभे राहते.

किती गृहपाठ अपेक्षित आहे?

या विषयावरील राष्ट्रीय स्तरावरची भूमिका गेल्या तीन दशकांत फारशी बदललेली नाही. राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य असताना आर. के. नारायण यांनी दप्तराखाली वाकलेल्या मुलांचा प्रश्न सभागृहात मांडला होता. पुढे १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ या आशयाचा तिचा अहवाल आला. प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये. द्यायचाच तर घराच्या परिसरात काही पाहणे, शोधणे, विचारणे एवढ्यापुरता द्यावा, अशी तिची शिफारस होती. वरच्या वर्गांतही गृहपाठ पाठ्यपुस्तकी नसावा, असे समितीने सुचवले होते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने हीच दिशा आकड्यांत मांडली. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरीपासून आठवड्याला दोन तास, उच्च प्राथमिक वर्गांत दिवसाला एक तास. मे २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने राज्यांना तसे कळवले. २०२० च्या दप्तरविषयक धोरणात हीच मर्यादा पुन्हा आली. तिसरी ते पाचवीच्या मुलांनी काल संध्याकाळ कशी घालवली, कोणते खेळ खेळले, काय खाल्ले, घरात कोणते काम कोण करते, हे वर्गात येऊन सांगावे, अशा स्वरूपाचा गृहपाठ त्यात सुचवला आहे.

आठवड्याला दोन तास म्हणजे नेमके किती, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. शाळेचे सहा दिवस धरले तर दिवसाला वीस मिनिटे होतात. ती सर्व विषय मिळून आहेत. चार विषय धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. अनेक शाळांत मात्र भाषेचे शिक्षक एक पान शुद्धलेखन, गणिताचे शिक्षक दहा उदाहरणे आणि परिसर अभ्यासाचे शिक्षक प्रश्नोत्तरे लिहून देतात. यांपैकी प्रत्येकाला आपण थोडेच दिले असे वाटते; घरी त्या तिन्हींची बेरीज होते. शिक्षकांनी गृहपाठाचे नियोजन एकत्र बसून करावे, असे आराखड्यात म्हटले आहे ते यासाठीच.

हे सर्व दस्तऐवज मार्गदर्शक स्वरूपाचे आहेत आणि ते न पाळले जाण्याचा सगळा दोष शाळांचा नाही. गृहपाठ दिला नाही तर पालकच तक्रार करतात. फी भरणाऱ्या कुटुंबाला भरलेली वही हा शाळेत काही शिकवले जात असल्याचा दिसणारा पुरावा वाटतो. ज्या पालकांना स्वतःला शाळा अर्धवट सोडावी लागली, त्यांना तर तो अधिकच हवासा वाटतो. ही भावना समजून न घेता नुसते परिपत्रक काढून गृहपाठ कमी होत नाही.

संशोधन काय सांगते?

गृहपाठावरील सर्वांत जास्त उद्धृत केले जाणारे काम अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांचे आहे. त्यांनी १९८९ मध्ये आणि पुन्हा सहकाऱ्यांसह २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माध्यमिक वर्गांत गृहपाठ आणि संपादणूक यांचा संबंध स्पष्ट दिसतो; प्राथमिक वर्गांत तो फारच क्षीण आहे. याचा अर्थ लहान मुलांना गृहपाठाचा काहीच उपयोग नाही असा काढणे घाईचे होईल. वर्गात शिकवलेल्या घटकाचा थोडा सराव घरी केला तर त्या घटकाच्या चाचणीत फायदा होतो, असे काही प्रयोगांत आढळले आहे. लहान मुलाचे लक्ष लवकर विचलित होते आणि त्याला अभ्यासाची रीत अजून ठाऊक नसते, ही क्षीण संबंधामागची संभाव्य कारणे कूपर यांनी दिली आहेत. अमेरिकेत प्रचलित असलेला ‘दहा मिनिटांचा नियम’, म्हणजे इयत्तेच्या अंकाला दहाने गुणून येतील तेवढी मिनिटे, हाही त्यांच्याच नावाशी जोडला जातो. त्यानुसार तिसरीला अर्धा तास येतो. आपल्याकडची अधिकृत मर्यादा त्याहून कमी आहे.

घराच्या बाजूने महत्त्वाचा ठरणारा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऱ्होड आयलंड राज्यातील इंग्रजी व स्पॅनिश बोलणाऱ्या सुमारे अकराशे पालकांकडून त्यासाठी माहिती घेतली होती. पहिलीतील मुलांना नियमाच्या जवळजवळ तिप्पट गृहपाठ मिळत असल्याचे त्यात दिसले. त्याहून लक्षणीय बाब अशी की, मुलाला मदत करण्याच्या आपल्या क्षमतेवर पालकांचा विश्वास जितका कमी, तितका गृहपाठावरून घरात ताण अधिक. म्हणजे एकच पान सुशिक्षित घरात दहा मिनिटांचे काम ठरते आणि दुसऱ्या घरात रडारडीचे कारण होते.

या ताणावरचा आपल्याकडील रूढ उपाय म्हणजे शिकवणी. ‘असर’ या वार्षिक सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे देऊन शिकवणीला जाणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाले. शिकवणीचा खर्च हा भाग उघड आहे. तिच्यामुळे होणारे दुसरे नुकसान सहसा ध्यानात येत नाही. शिकवणीतील ताई गृहपाठ करवून घेतात, प्रसंगी उत्तरे फळ्यावर लिहून देतात. वही बिनचूक होते. ती पाहून वर्गशिक्षकांना वाटते की घटक सर्वांना समजला. मुलाला काय आले नाही हे शिक्षकाला कळावे, हा लहान वर्गांतील गृहपाठाचा कदाचित सर्वांत मोठा उपयोग आहे, आणि नेमका तोच नाहीसा होतो. पालकांनी रात्री जागून केलेल्या थर्मोकोलच्या ‘प्रकल्पां’विषयी वेगळे सांगायला नको.

हॅरिंगे येथील प्रयोग

मग कमी शिकलेल्या किंवा शाळेची भाषा न येणाऱ्या घरांकडून काहीच अपेक्षा करू नये काय? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक जुना प्रयोग आपल्याकडे फारसा चर्चिला गेलेला नाही.

लंडनमधील संशोधक जेनी ह्यूइसन आणि जॅक टिझार्ड यांना डॅगनम या कामगार वस्तीतील मुलांचा अभ्यास करताना एक गोष्ट आढळली. मुलांच्या वाचनाशी सर्वांत घट्ट जोडलेली बाब म्हणजे, आई मुलाचे वाचन नियमित ऐकते की नाही. आता, ऐकणाऱ्या आया मुळातच वेगळ्या असतील, ही शंका राहतेच. ती दूर करण्यासाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर लंडनमधील हॅरिंगे येथे प्रत्यक्ष प्रयोग करण्यात आला. हा भाग स्थलांतरितांचा. अनेक घरांत इंग्रजी बोलली जात नसे आणि काही पालकांना कोणत्याच भाषेत वाचता येत नव्हते. काही वर्गांतील सहा ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर वाचनाचे पुस्तक नेमाने घरी पाठवले जाई आणि पालकांना एवढेच सांगितले जाई की, मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि ऐका. संशोधक अधूनमधून घरी भेट देऊन ऐकावे कसे हे दाखवत. दुसऱ्या काही शाळांत मुलांना घरच्या मदतीऐवजी जादा शिक्षकाकडून लहान गटांत वाचनाची मदत दिली गेली. हे दोन वर्षे चालले.

१९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांचे वाचन घरी ऐकले गेले त्या मुलांची प्रगती ठळक होती. जादा शिक्षकाची मदत मिळालेल्या मुलांत तशी प्रगती दिसली नाही. पालकांना इंग्रजी न येणे किंवा वाचताच न येणे यामुळे मुलांच्या प्रगतीला अडथळा आला नाही. जवळजवळ सर्वच कुटुंबांनी सहभागाला होकार दिला होता, हेही नोंदवण्यासारखे आहे. गरीब पालकांना आस्था नसते हा समज त्यातून खोटा ठरतो.

न वाचता येणारी आई वाचनाला मदत कशी करते? एक स्पष्टीकरण असे देता येते. वर्गात चाळीस मुले असतील तर एका मुलाला मोठ्याने वाचण्याची पाळी आठवड्यात दोन-चार मिनिटेच येते. घरी त्याला रोज दहा मिनिटे हक्काचा श्रोता मिळतो. शिवाय आई अक्षर ओळखत नसली तरी गोष्ट ओळखते. वाक्य निरर्थक झाले की ती विचारते, “असं कसं?” आणि मूल मागे जाऊन पुन्हा वाचते. शाळेची भाषाच तिला येत नसेल तर वाचून झाल्यावर “काय लिहिलंय ते आपल्या बोलीत सांग” एवढे म्हणणे पुरे. एका भाषेत वाचलेले दुसऱ्या भाषेत सांगायचे तर मुलाला ते समजावेच लागते. येथे शाळेने आईकडे मागितले ते ऐकणे. शिकवण्याचे काम शाळेकडेच राहिले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे.

घरात जे आहे त्यावर आधारलेले काम

यशपाल समितीच्या शिफारशीतील ‘घराच्या परिसरातील शोध’ म्हणजे झाडाचे पान चिकटवणे, असा मर्यादित अर्थ पुष्कळदा घेतला जातो. घरात त्याहून बरेच काही असते. गणिताचेच पाहावे. अपूर्णांक हा प्राथमिक वर्गांतील अवघड घटक मानला जातो. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मराठी घरात रोज वापरले जातात. दखनी-उर्दू बोलणाऱ्या घरात पाव, आधा, पौन, सवा, डेढ, ढाई आहेत. गुजरातीत पा, अडधो, पोणो, सवा, दोढ, अढी. कन्नडमध्ये कालु, अर, मुक्कालु आणि तेलुगूत पावु, अर, मुप्पावु म्हटले जाते. इंग्रजी माध्यमातील मूल ‘थ्री फोर्थ’ पाठ करते तेव्हा पाऊण किलो साखर आणण्याशी त्याचा संबंध आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. रोज सव्वा लिटर दूध घेतले तर आठ दिवसांत किती, हा प्रश्न आईला पुस्तकाशिवाय येतो. शिवणकाम करणाऱ्या घरात कुर्त्याला किती कापड लागते आणि मापाच्या टेपवर इंच व सेंटिमीटर कसे येतात, हे विचारून येणे हा तिसरी-चौथीचा उत्तम गृहपाठ आहे. बेकरी, पंक्चरचे दुकान, मासळीबाजार, हैदराबादच्या लाड बाजारातील बांगड्यांचे डझन, या प्रत्येकात गणित आहे आणि ते सांगणारा माणूस घरातच आहे.

अशा कामात वडिलांना आपले अज्ञान लपवावे लागत नाही. मूल विचारते, वडील सांगतात आणि लिहिण्याचे काम दुसऱ्या दिवशी वर्गात होते. तीन लिप्यांच्या गावात हा शेवटचा भाग विशेष सोयीचा आहे, कारण घरी कोणत्याही भाषेत विचारता येते. शिक्षकाला मात्र थोडे अधिक कष्ट पडतात. चाळीस मुलांची चाळीस वेगळी उत्तरे ऐकून घ्यावी लागतात. एकाच उत्तराच्या चाळीस वह्या तपासणे त्यापेक्षा सोपे असते.

अपूर्ण वहीचे काय?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेनुसार जादा शिकवणे आणि पालकांशी नियमित बैठका घेणे, ही कलम २४ नुसार शिक्षकाची कर्तव्ये आहेत. कलम २८ नुसार शिक्षकाने खाजगी शिकवणी घेऊ नये. थोडक्यात, मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवण्याची जबाबदारी कायद्याने आईवर टाकलेली नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा अधिनियम लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निर्णय आहे आणि त्याचा फेरविचार व्हावा काय हा प्रश्न २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने उपस्थित केला. कायद्याची ही चर्चा काहीही ठरवो. गृहपाठ झाला नाही म्हणून दाराबाहेर उभे केलेल्या सात वर्षांच्या मुलाला मिळालेली शिक्षा बहुधा त्याच्या आईच्या शाळेच्या माध्यमाची असते.

महाविद्यालयाच्या वर्गात

सामुदायिक महाविद्यालयातील अध्यापकांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. शिवण, संगणक, रुग्णसेवा किंवा बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्या विद्यार्थिनींपैकी अनेकजणी संध्याकाळी कोणाचा ना कोणाचा गृहपाठ घेतात, स्वतःच्या मुलाचा, धाकट्या भावंडांचा किंवा शेजारच्या चार मुलांचा. काहीजणी पुढे स्वतः गृहपाठ देणार असतात. भाषा किंवा संवादकौशल्याच्या तासांपैकी दोन-तीन तास या कामासाठी काढणे शक्य आहे.

पहिल्या तासाला प्रत्येकीने घरातील मुलाची डायरी आणावी आणि एका आठवड्याचा गृहपाठ मिनिटांत मोजावा. विषयवार आकडे फळ्यावर आले की आठवड्याला दोन तासांची मर्यादा कोठे ओलांडली जाते ते आपोआप दिसते. हेच आकडे पालकसभेत नुसत्या तक्रारीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. दुसऱ्या तासाला वाचन ऐकण्याचा सराव घ्यावा. न्यूझीलंडमध्ये याच कामासाठी एक साधी रीत विकसित झाली आहे. मूल अडले की लगेच शब्द सांगू नये, मनात पाच अंक मोजावेत. तरी जमले नाही तर चित्राकडे किंवा आधीच्या वाक्याकडे लक्ष वेधावे. जमले की शाबासकी द्यावी. ऐकायला सोपे वाटते, पण पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहणे शिकलेल्या मोठ्या माणसांनाच सर्वांत जड जाते, हे सरावात लगेच दिसून येते. जोड्या करून, एकीने अडखळत वाचावे व दुसरीने ऐकावे, असा तो घेता येईल.

तिसरा तास चिठ्ठीचा. बहुतेक डायऱ्यांत पालकांच्या सहीसाठी जागा असते. सहीचा अर्थ ‘गृहपाठ पूर्ण झाला’ असा धरला जातो आणि म्हणून तो कसाबसा पूर्ण केला जातो. त्याऐवजी तेथे झाले तेवढेच लिहिण्याची सवय लावता येईल: “वीस मिनिटे बसला. तीन उदाहरणे झाली. दोन समजली नाहीत.” ही तीन वाक्ये मराठी, उर्दू, कन्नड, हिंदी, कोणत्याही लिपीत चालतील, असे शाळेने आधी सांगितलेले असावे. लिहिता न येणाऱ्या आईने न झालेल्या उदाहरणापुढे पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली तरी पुरते. दुसऱ्या दिवशी गणिताचा तास त्या रेघांपासून सुरू करता येतो.